न मागितलेली निवडणूक

मामांना कुठलीही गोष्ट अर्धवट कळून चालत नसे. बसमध्ये शेजारचा माणूस फोनवर "मग शेवटी तिने काय केलं?" असं म्हणाला आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेला, की मामांचा सगळा दिवस बिघडायचा. रात्री जेवताना ते मामींना विचारायचे, "काय केलं असेल गं तिने?" मामी म्हणायच्या, "तुमच्यासारख्या नवऱ्याला घराबाहेर काढलं असेल. भाजी घ्या."

त्यांचा धंदा काचा बसवण्याचा. गल्लीच्या तोंडाशी अरुंद दुकान. डावीकडे भिंतीला टेकून उभ्या केलेल्या काचा, उजवीकडे जाड ब्लँकेट अंथरलेलं टेबल, आणि मधून एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट. टेबलावर काच ठेवायची, हिऱ्याच्या कलमाने एक रेघ ओढायची, खालून हलकीशी टिचकी मारायची, की दोन तुकडे. मग ती घेऊन कोणाच्या तरी घरी जायचं, चौकटीत बसवायची, कडेने पुट्टी भरायची. हात कामात आणि कान घरातल्या बोलण्यात. खिडकी नीट बसेपर्यंत त्या घरातल्या मुलीचं लग्न का मोडलं इथपासून आजोबांच्या गुडघ्यापर्यंत सगळं मामांना ठाऊक झालेलं असे. पण इकडचं तिकडे करायची खोड नव्हती, म्हणून लोकही मोकळेपणी सांगत.

मामा हे नाव भाच्यांमुळे पडलं. थोरली बहीण, म्हणजे ताई, नवरा गेल्यावर एक मुलगा आणि एक मुलगी घेऊन वरच्या मजल्यावर राहायला आली. मुलं दिवसभर "मामा, मामा" करत गल्लीतून हिंडायची. हळूहळू सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणू लागली. वयाने त्यांच्याहून मोठी असलेली माणसंसुद्धा.

देशावर तेव्हा एका जनरलसाहेबांचं राज्य होतं. त्या एका विषयावर मात्र मामा कोणाला काही विचारत नसत. मामींच्या धाकट्या भावाने एकदा कॉलेजच्या आवारात हसत हसत विचारलं होतं, की साहेबांना निवडलं तरी कोणी? त्याला तुरुंगात घेऊन गेले, ते गेलेच.

मग परदेशी फौजा आल्या. साहेबांना हटवून लोकांच्या हाती राज्य द्यायला आलो आहोत, असं त्यांनी आकाशातून पत्रकं टाकून कळवलं. पत्रकांच्या मागोमाग बॉम्ब आले. नदीवरचा पूल उडाला, तेव्हा ताईंचा मुलगा सायकलवरून पुलाच्या मधोमध होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुरुंगाचे दरवाजे उघडले आणि मामींचा भाऊ घरी आला. पुढचे दात गेलेले, पण जिवंत. एकाच घरात वर सुतक आणि खाली सण अशी अवस्था झाली. भावाला वाढताना मामी आवाज न करता हसायच्या, वर ऐकू जाऊ नये म्हणून. मामा पाण्याची कळशी घेऊन जिन्यावरून वर जायचे, ताईंजवळ बसायचे, खाली यायचे, मेहुण्याजवळ बसायचे.

गावात एकही काच धड उरली नव्हती. मामांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यातच मुलींच्या शाळेचं काम आलं. शाळेत परदेशी लोकांनी आपलं कार्यालय थाटलं होतं, आणि तिथे दुभाषी म्हणून नोकरीला लागली होती मामांची भाचीच. ताई तिच्याशी बोलत नव्हत्या. तिचं ताट झाकून ठेवायच्या, तिचे कपडे वाळत घालायच्या, पण बोलायच्या नाहीत.

कार्यालयाच्या प्रमुख एक परदेशी बाई होत्या. केस पांढरे, पायात साधे बूट, आवाज वर्गात शिकवणाऱ्या माणसाचा. गावात निवडणूक घ्यायची आणि नगरसभा बसवायची, हे त्यांचं काम. मामा शिडीवर चढून वरच्या काचा बसवत होते आणि खाली बाई गल्लीगल्लीतून बोलावलेल्या लोकांना मतदान म्हणजे काय ते समजावत होत्या. लोक माना डोलवत होते. साहेबांच्या काळात सभेत मान डोलवायची सवय सगळ्यांना पक्की लागली होती.

मामांना राहवेना. शिडीवरूनच ते भाचीला म्हणाले, "त्यांना विचार, आम्ही मत दिलं, आणि तुम्ही निघून जा असंच मत दिलं, तर काय करणार?"

"मामा, काच बसवा ना," भाची दबक्या आवाजात म्हणाली.

पण बाईंनी वर पाहिलं होतं. काय म्हणतायत ते, असं त्यांनी विचारलं. भाचीने सांगितलं. बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या, आणि काहीतरी बोलल्या.

"म्हणतायत, प्रश्न चांगला आहे, आजवर कोणी विचारला नव्हता."

"हे काय उत्तर झालं?"

भाचीने तेही सांगून टाकलं. "म्हणतायत, नाही झालं."

इथून दोघांचं सूत जुळलं. शाळेचं काम संपलं तरी पुट्टी वाळली का बघायला मामा रोज जायचे. पुट्टी काय, कोणी न बघताही वाळते. बाईसुद्धा विचारणाऱ्यांपैकीच निघाल्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या गल्लीत नळ कुठे बसवायचा हे आधी कोण ठरवायचं?"

"वॉर्डाचे अधिकारी."

"आणि त्यांनी चुकीच्या जागी बसवला तर?"

नळ चुकीच्याच जागी होता. दुसऱ्या टोकाला, अधिकाऱ्याच्या साडूच्या दारात. मामींची सगळी उमर बादल्या वाहण्यात गेली होती.  इतकी वर्षं मामांनी जगभरच्या चौकशा केल्या, पण नळ तिथे का, हा प्रश्न कधी मनातच येऊ दिला नव्हता. आला की विषय बदलायचा. दुसऱ्यांशीच असं नाही, स्वतःशीसुद्धा. घरी येऊन जेवताना त्यांनी मामींना एकही प्रश्न विचारला नाही. मामींनी कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

पुढे उमेदवार ठरवायची वेळ आली. गल्लीतले लोक म्हणाले, घराघरात जाणारा माणूस एकच, मामा. मामा नको नको म्हणत राहिले, पण नको म्हणताना त्यांचे डोळे चमकत होते, हे मामींच्या नजरेतून सुटलं नाही.

"घरात कुठली भाजी आणायची हे तुम्हाला ठरवता येत नाही, आणि गाव चालवणार?"

"भाजी तू कुठे ठरवू देतेस?"

समोर औषधाच्या दुकानाचे मालक उभे होते. शिकलेले, स्वच्छ, पण बोलायला महाग. लोक त्यांच्याकडे दुखणं घेऊन जात, मामांकडे गप्पा घेऊन. मामा निवडून आले.

ताईंनी मत दिलं नाही. "ज्यांनी पूल पाडला, त्यांच्या पेटीत मी चिठ्ठी टाकायची नाही," एवढंच म्हणाल्या. मामांनी आग्रह केला नाही. मामींच्या भावाने मात्र नवा शर्ट घातला आणि उन्हं तापायच्या आधीच रांगेत जाऊन उभा राहिला. बाहेर आला तो तोंडावर रुमाल धरून. मतपेटीने काय केलं म्हणून सगळे धावले, तर तो रडत होता.

मामांना निवडून आल्याच्या आनंदापेक्षा एका गोष्टीने छळलं. आपल्याला मत कोणी दिलं आणि कोणी नाही, हे विचारायचंच नाही असा नियम होता! भाचीने तीनतीनदा बजावलं. समोरचा न्हावी गोड हसला, की मामांची काच वाकडी कापली जायची. हा हसला तो दिलं म्हणून, की नाही दिलं म्हणून? मामी म्हणायच्या, "लोकशाहीने तुमची चांगली जिरवली."

नगरसभेने पहिल्याच बैठकीत एकमताने ठराव केला, की शाळा रिकामी करून मुलींना परत द्यावी. मुली तेव्हा धान्याच्या जुन्या गोदामात बसत होत्या. खिडक्या नाहीत, पोत्यांचा वास, आणि फळा दिसावा म्हणून दार सताड उघडं. विरोधात एकही हात नव्हता. मामा मोठ्या उत्साहाने ठराव घेऊन बाईंकडे गेले.

बाईंनी तो वर पाठवला. वरून उत्तर आलं, की नगरसभेने पाणी, दिवे आणि रस्ते बघावेत. शाळेची इमारत सुरक्षेच्या कारणासाठी ताब्यात आहे, ती नगरसभेच्या अधिकारात येत नाही.

"त्यांना विचार," मामा भाचीला म्हणाले. चिडून नव्हे, त्यांना खरोखरच कळून घ्यायचं होतं. "मग आम्हाला निवडून यायला लावलं ते नक्की कशासाठी?"

बाईंनी वरून आलेला कागद घडी घालून खणात ठेवला, मग बोलल्या. भाचीने त्यांचं बोलणं हळूच सांगितलं. "म्हणतायत, मीही वर हेच विचारलंय. तुम्हाला निदान उत्तर तरी दिलं, मला तेवढंही दिलं नाही."

नगरसभेत भडका उडाला. कोणी म्हणे राजीनामे देऊ, कोणी म्हणे दगड मारू. दगडाला मामांनी धंद्याच्या दृष्टीने हरकत घेतली नाही, पण काचा पुन्हा आपल्यालाच बसवाव्या लागतील एवढं बोलून दाखवलं. लोक हसले आणि जरा थंड झाले. मग औषधवाल्यांनी, जे नुसते ऐकायला आले होते, एक युक्ती सुचवली. सभेने यापुढे आपली प्रत्येक बैठक शाळेच्या अंगणात, उभ्याने भरवावी.

तसंच सुरू झालं. फाटकावरच्या परदेशी शिपायाची पंचाईत झाली. आत कोणाला सोडायचं नाही हा त्याचा हुकूम, आणि नगरसभेला संरक्षण द्यायचं हाही त्याचाच हुकूम. पोराने वायरलेसवर वरिष्ठांना विचारलं, त्यांनी त्यांच्या वरिष्ठांना विचारलं, आणि तोवर सभेने गटारांचा विषय संपवून दिव्यांचा घेतला होता. शेवटी तो बाजूला झाला. काही बैठकांनंतर तो सभासदांसाठी सावलीत बाकडं आणून ठेवू लागला.

पुढच्या वर्षी कार्यालय दुसऱ्या मोठ्या इमारतीत हललं आणि शाळा मुलींना मिळाली. ठरावामुळे मिळाली, अंगणातल्या सभांमुळे, की छप्पर गळायला लागलं होतं म्हणून? मामांनी भाचीला विचारलं, शिपायाला विचारलं, सामान हलवणाऱ्या हमालांनाही विचारलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं. ही गोष्ट त्यांना जन्मभर अर्धवटच कळलेली राहिली.

बाईंची बदली झाली तेव्हा त्या भाचीला बरोबर घेऊन निरोप घ्यायला दुकानात आल्या. काचांच्या मधल्या वाटेत तिरक्या उभ्या राहून त्यांनी विचारलं, "एक सांगा. आम्ही यायला हवं होतं का?"

मामांनी हातातलं कलम खाली ठेवलं. "आमच्या वरच्या मजल्यावर विचारलंत तर नाही म्हणतील. खालच्या स्वयंपाकघरात विचारलंत तर हो म्हणतील. मी दिवसभर जिन्यातच असतो, बाई."

हे बाईंना सांगताना वरच्या मजल्याचं वाक्य भाचीला दोनदा म्हणावं लागलं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या संध्याकाळी भाची घरी आली, तेव्हा ताईंनी पहिल्यांदा तिला विचारलं, "गेली का ती?" भाची म्हणाली, "गेली." ताई म्हणाल्या, "मग जेवून घे." बरीच वर्षं दोघींचं बोलणं असंच, एवढंएवढंच होत राहिलं, पण पुन्हा तुटलं नाही.

पुढच्या निवडणुकीत मामा आपटले. नळ गल्लीच्या मधोमध आला होता, पण त्यासाठी रस्ता खणला होता तो बुजवायचा राहून गेला आणि लोकांच्या चपला चिखलात रुतल्या. औषधवाले निवडून आले. निकाल लागला तशी मामींनी गुपचूप एका पिशवीत मामांचे कपडे, टॉवेल आणि गोळ्या भरून ती दाराशी ठेवली. साहेबांच्या काळात खुर्ची गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी न्यायला गाडी येत असे. दुसऱ्या दिवशी दार वाजलं. मामींनी पिशवी उचलून छातीशी धरली. दारात औषधवाले उभे होते.

"मामा, पाणी सोडायच्या त्या मोठ्या नळाची किल्ली कुठे ठेवता तुम्ही? सकाळपासून शोधतोय. आणि एकटं जायचं म्हणजे... येता का जरा?"

मामा चपला घालून गेले. मामी पिशवी हातात धरून उंबऱ्यातच बसल्या, आणि हसू की रडू हे त्यांचं बराच वेळ ठरेना.

परदेशी फौजा गेल्या. मामांचे केस पिकले. नगरसभा कधी नीट चालायची, कधी नुसती भांडायची. मग एका वर्षी शेजारच्या देशाची बातमी आली. तिथेही एक साहेब होते, तिथेही तुरुंग भरलेले होते, आणि मोठी राष्ट्रं पुन्हा फौजा जमवत होती. या वेळी आपल्या देशालाही बरोबर यायचं आमंत्रण होतं. सरकारने गावागावांतून मत मागवलं. शाळेच्या सभागृहात खुली सभा भरली.

"त्यांना तोंड उघडता येत नाही, म्हणून आपण उघडायचं," औषधवाले म्हणाले. आता तेही म्हातारे झाले होते. "आपल्यासाठी कोणी आलं नसतं, तर आज ही सभा तरी भरली असती का?"

"तिथल्या कोणाला विचारलंय का, या म्हणून?" मामांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"कसं विचारणार? विचारलं तर सांगणारा आत जाईल."

"तेही खरंच आहे," मामा म्हणाले. "पण मग आपण गेलो, आणि त्यांनी निवडून आणलेल्या माणसांनी आपल्याला काही सांगितलं, तर आपण ऐकणार का? हे आधी ठरवून जायचं, की तिकडे गेल्यावर?"

यावर बराच गलका झाला. मग हात वर करायची वेळ आली. मामींनी पाठिंब्यासाठी हात वर केला, ताठ, कोपरात न वाकवता. मामांनी विरोधात केला. ताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही वेळा हात मांडीवरच ठेवला. बाहेर पडताना मामांनी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "मला विचारायला तुम्ही सगळ्यांनी फार उशीर केलात."

घरी जाताना मामा मामींना म्हणाले, "तुझ्या भावासाठी केलास ना हात वर?"

"त्याच्यासाठी का? तिथे आत असलेल्या कोणाच्या तरी भावासाठी केला. आणि तुम्ही भाच्यासाठी केलात म्हणून मी काही तुमच्याशी भांडत नाहीये."

"भांड की."

"घरी गेल्यावर," मामी म्हणाल्या, आणि खरंच भांडल्या. भाजी करपेपर्यंत.

गावाचा ठराव थोडक्या मतांनी विरोधात गेला. सरकारने सैन्य पाठवलं नाही, पण मोहिमेला पाठिंबा मात्र दिला, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपण हरलो असं वाटलं. शेजारच्या देशातले साहेब गेले. कितीतरी माणसंही गेली. आणि मग तिकडून काचा बसवणाऱ्या कारागिरांची मागणी आली.

"या वयात?" मामी म्हणाल्या.

"बघून येतो."

"काच बसवायला जाताय की चौकशा करायला?"

मामा हत्यारांची पेटी बांधू लागले. मामींनी त्यांचा स्वेटर काढून दिला.

तिथली भाषा आपल्यासारखीच, फक्त शब्द जरा लांबवून बोलतात, तेवढं कानाला सवयीचं झालं की झालं. एका चपला शिवणाऱ्याच्या घरात मामा शिडीवर चढून समोरच्या खिडकीला काच लावत होते. घरमालक बाजूला उभा राहून, नुसता बघत होता. बोलायचं आहे पण भीती वाटते, असा चेहरा. शेवटी तो म्हणाला, "उद्या आमच्याकडे मतदान आहे. तुमच्याकडे झालंय ना असलं? जाऊ का मी?"

जा, असं मामांच्या ओठांवर आलं. मग जाऊ नका, असंही आलं. भिंतीवर एका मुलीचा फोटो होता, त्याच्याखाली ताजी फुलं होती. त्याबद्दल विचारायचं त्यांचं धाडस झालं नाही. त्यांनी पुट्टीचे हात फडक्याला पुसले.

"उभं कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"दोघं आहेत. एक पिठाच्या गिरणीवाला. माणूस बरा, पण बायकोच्या शब्दाबाहेर नाही."

"बायको कशी आहे?"

घरमालक पहिल्यांदा हसला. "तीच तर खरी हुशार आहे. तिलाच उभं करा म्हणत होतो आम्ही."

"मग का नाही केलं?"

"ती एक मोठी गोष्ट आहे."

मामा शिडीवरून उतरले आणि शिडीच्याच खालच्या पायरीवर बसले. "सांगा," ते म्हणाले, "आणि तो दुसरा कोण?"